‘बाजार’ : आखाती पैसा आणि हैदराबादची वधू

‘बाजार’ हा १९८२ साली प्रदर्शित झालेला, हैदराबादच्या पार्श्वभूमीवरील हिंदी-उर्दू चित्रपट. लेखन व दिग्दर्शन सागर सरहदी यांचे, संगीत खय्याम यांचे. स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, फारूख शेख आणि सुप्रिया पाठक यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. आखातात पैसा कमावलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषासाठी हैदराबादच्या एका निर्धन घरातील मुलगी विवाहाच्या नावाने विकत घेतली जाते, हा या चित्रपटाचा विषय होय.

आखाती स्थलांतरावरील भारतीय चित्रपटांत मल्याळम चित्रपटांचा वाटा फार मोठा आहे. त्यांतील ठरलेला नायक म्हणजे गावातला तरुण. लग्न होते, कर्ज डोक्यावर असते, आणि पत्नीला मागे ठेवून तो परदेशी निघतो. ‘बाजार’ने याच स्थलांतराची दुसरी बाजू दाखवली. येथे विवाहानंतर स्थलांतर घडत नाही; विवाह हेच मुलीला घरातून हलवण्याचे साधन ठरते.

कथानक

नजमा (स्मिता पाटील) घर सोडून मुंबईत अख्तर (भरत कपूर) याच्या आधाराने राहते. अख्तर तिला विवाहाचे वचन देतो, पण पैसा नाही या सबबीवर ते वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतो. आखातात धनवान झालेल्या शाकिर खानवर (बी. एल. चोप्रा) त्याची सारी भिस्त आहे. शाकिर खानला तरुण वधू हवी आहे आणि ती शोधून देण्याची कामगिरी नजमावर येते. त्यासाठी ही मंडळी हैदराबादला जातात. नजमावर मूकपणे प्रेम करणारा लेखक सलीम (नसीरुद्दीन शाह) हाही सोबत असतो.

हैदराबादेत सरजू (फारूख शेख) आणि शबनम (सुप्रिया पाठक) यांचे एकमेकांवर प्रेम आहे. सरजूशी नजमाचे भावाबहिणीसारखे नाते जुळते. शाकिर खानसाठी निवडली गेलेली मुलगी शबनमच आहे, हे तिला कळते तेव्हा व्यवहार पक्का झालेला असतो. शबनमच्या घरच्यांना नकार परवडणारा नसतो. निकाह होतो आणि शबनम मृत्यूला कवटाळते. नजमा अख्तरची साथ सोडते. परंतु या विक्रीत आपलाही हात होता, या जाणिवेतून तिची सुटका होत नाही.

चित्रपटात एकच खलपुरुष नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. पैसा देणारा, मध्यस्थी करणारा, निकाह लावणारा आणि मुलगी देणारा, प्रत्येकाजवळ आपापले समर्थन आहे. नजमा स्वतः फसवली गेलेली आहे, तरीही दुसरीच्या फसवणुकीत सहभागी आहे. त्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ या मराठी चित्रपटात स्मिता पाटील यांनी स्वतःच्या निर्णयाने घराबाहेर पडणारी सुलभा साकारली होती. निवडीचे स्वातंत्र्य असलेली सुलभा आणि ते नसलेल्या मुलींमध्ये वावरणारी नजमा, अशा या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

दिग्दर्शक आणि संगीत

सागर सरहदी (१९३३–२०२१) यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या अबोटाबादजवळील बफ्फा या गावचा. फाळणीमुळे ते निर्वासित झाले आणि पुढे मुंबईत स्थिरावले. ‘कभी कभी’ आणि ‘सिलसिला’ या चित्रपटांचे लेखक म्हणून त्यांची ओळख होती. ‘बाजार’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट.

खय्याम यांनी या चित्रपटासाठी प्रामुख्याने उर्दू काव्यपरंपरेतील रचना स्वरबद्ध केल्या. मीर तकी मीर यांची गझल लता मंगेशकर यांनी गायली आहे. हैदराबादचे साम्यवादी कवी मखदूम मोहिउद्दीन यांची गझल लता मंगेशकर आणि मूळचे हैदराबादचे तलत अझीज यांच्या स्वरात आहे. भूपिंदर सिंग यांनी गायलेली गझल औरंगाबादचे कवी बशर नवाज यांची. निरोपाचे गीत मिर्झा शौक यांच्या ‘जहर-ए-इश्क’ या मसनवीवर आधारित असून ते जगजीत कौर यांनी गायले आहे. त्या मसनवीतील नायिका विष घेते. ते ठाऊक असलेल्या श्रोत्याला शबनमचा शेवट गाण्यातच ऐकू येतो.

हैदराबादची पार्श्वभूमी

हैदराबाद आणि अरबस्तान यांचा संबंध तेलाच्या पैशाहून जुना आहे. निजामाच्या सैन्यात येमेनमधील हद्रमौत प्रांतातून आलेले अरब सैनिक होते. त्यांच्या वसतीचा बारकस हा भाग आजही ओळखला जातो. ‘बॅरॅक्स’ या शब्दावरून हे नाव पडले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, निजामाचे सैन्य मोडले आणि दरबाराच्या आश्रयावर जगणारी अनेक कुटुंबे उत्पन्नावाचून उरली. मराठवाडाही याच संस्थानाचा भाग होता, त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

१९७० च्या दशकात तेलाच्या किमती वाढल्या आणि आखातात कामगारांची मागणी निर्माण झाली. हैदराबादहून पुरुष कामासाठी जाऊ लागले. त्याच वाटेने उलट दिशेला पैसा घेऊन वर येऊ लागले. दोन्ही देशांत नातेसंबंध असलेल्या कुटुंबांतील विवाह ही स्वाभाविक गोष्ट होती. पण जुन्या शहराच्या दारिद्र्यात तिच्या आडोशाने दलालांचा धंदा उभा राहिला. ‘बाजार’ हे नाव त्याला उद्देशून आहे.

मल्याळम चित्रपटातील स्थलांतरित

एम. टी. वासुदेवन नायर यांनी लिहिलेला ‘विल्क्कानुंडु स्वप्नंगळ्’ हा आखाती जीवनावरील मल्याळम चित्रपट १९८० चा. नावाचा अर्थ ‘स्वप्ने विकणे आहे’. दोनच वर्षांनी आलेल्या हिंदी चित्रपटाच्या नावातही विक्रीच असावी, हे लक्षणीय आहे. सलीम अहमद यांच्या ‘पत्तेमारी’ (२०१५) या चित्रपटात नारायणन आयुष्यभर आखातात राबून घरच्यांना पोसतो.

बेन्यामिन यांच्या २००८ मधील कादंबरीवर ब्लेसी यांनी केलेला ‘आडुजीवितम्’ (२०२४) हे या परंपरेचे सर्वांत कठोर रूप. केरळमधील नजीब गरोदर पत्नीला घरी ठेवून, घर गहाण टाकून सौदी अरेबियाला जातो आणि वाळवंटात शेळ्या राखणारा बंदी होऊन बसतो. २०२४ च्या पणजीतील इफ्फीत हा चित्रपट आंतरराष्ट्रीय स्पर्धा विभागात होता.

नजीब आणि शबनम यांच्या कथांतील साम्य वरवरचे नाही. दोघांच्याही घरावर पैशाची निकड आहे आणि दोघांचेही भवितव्य मध्यस्थाच्या शब्दावर टांगलेले आहे. फरक असा की नजीब स्वतः निघतो. शबनमचा निर्णय दुसरेच घेतात. नजीबला कामगार म्हणून कायद्यात निदान एक नाव आहे. पत्नी म्हणून परदेशी जाणारी मुलगी कामगारांच्या कायद्यात कोठेच बसत नाही.

कायदा आणि वास्तव

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे होते. १९७८ च्या दुरुस्तीने ते ठरले होते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगारांना सरकारी परवानगी आणि दलालांना नोंदणी आवश्यक केली. विवाह करून जाणाऱ्या स्त्रीला मात्र ही तपासणी लागू होत नाही, कारण ती नोकरीसाठी जात नाही.

१९९१ मध्ये हैदराबादच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेल्या साठीच्या सौदी पुरुषाला दिल्लीत अटक झाली. विमानातील एका कर्मचारी महिलेने मुलीला रडताना पाहून तिची चौकशी केली, म्हणून प्रकरण उघडकीस आले. सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान आणि कतारचे आठ नागरिक, तसेच काझी व दलाल यांना अशाच विवाहांच्या प्रकरणी अटक केली. चित्रपटाला त्या वेळी ३५ वर्षे झाली होती.

हा प्रश्न एका शहराचा किंवा एका धर्माचा नाही. परदेशस्थ भारतीय वराने विवाहानंतर टाकून दिलेल्या वधूंच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहाची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वसमावेशक कायद्याची शिफारस केली.

गोव्याची स्थिती या बाबतीत वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार येथे सर्वधर्मीयांना विवाहाची नोंदणी सक्तीची आहे आणि ती दोन टप्प्यांत होते. आधी वधूवर विवाहाचा इरादा निबंधकाकडे नोंदवतात, हरकतींसाठी मुदत जाते आणि त्यानंतर अंतिम सह्या होतात. आपल्याकडे अनेकांना ही दिरंगाई वाटते. परंतु शबनमच्या कथेत नेमकी हीच मुदत नव्हती. मागणी, व्यवहार आणि निकाह यांच्यामध्ये तिचे म्हणणे विचारणारी तटस्थ जागा तिला कोठे मिळालीच नाही. कुवेत, दुबई आणि बहारीनच्या पगारावर उभी असलेली घरे गोव्यात गावोगावी आहेत आणि परदेशातील स्थळ आजही अभिमानाने सांगितले जाते. म्हणून नोंदणीच्या या दोन सह्यांचे मोल ‘बाजार’ पाहिल्यावर अधिक नीट कळते.