निमजचे नामदेव जाधव आणि न काढलेली फिल्म

राहुरीकरांना तोफांचे आवाज नवे नाहीत. खारे कर्जुने गावावरून जिचं नाव पडलं ती लष्कराची के. के. रेंज आमच्या तालुक्याला लागूनच आहे. रणगाड्यांचा सराव सुरू झाला की मुळा धरणाकडच्या गावांत धमाके ऐकू येतात आणि लोक हातातला चहा खाली न ठेवता म्हणतात, "रेंज चालू झाली वाटतं." पण हाच आवाज ज्याने खऱ्या लढाईत ऐकलाय, त्याला तो कसा ऐकू येत असेल?

शेजारच्या संगमनेर तालुक्यातलं निमज हे नामदेव जाधवांचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं, मग मशीनगनची तीन ठाणी एकट्याने गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा वय 23. त्यांचं मानपत्र वाचलं तर सगळी क्रियापदंच क्रियापदं: उचललं, धावले, फेकलं, चढले. त्या रात्री झोप लागली का, हे मानपत्रात कुठून येणार?

तेव्हाच्या आपल्याकडच्या युद्ध-फिल्म्सही अशाच. 1943 पासून मुंबईतून 'इंडियन न्यूज परेड' निघायची, आणि सरकारी फिल्म दाखवणं थिएटरवाल्यांना कायद्यानेच सक्तीचं होतं. अशा फिल्म्सचा ठरलेला साचा म्हणजे बँड, खणखणीत निवेदन, भराभर बदलणारी दृश्यं. चेहऱ्यावर कॅमेरा थांबायलाच नको, कारण थांबला तर चेहरा काहीतरी बोलून जाईल!

त्याच इटलीत, वर्षभराहून जास्त आधी, जॉन ह्यूस्टन नावाचा अमेरिकन दिग्दर्शक फौजेसाठी 'सॅन पिएत्रो' करत होता. जेमतेम अर्ध्या तासाची फिल्म. गंमत म्हणजे तिच्यातली बरीचशी लढाई नंतर पुन्हा घडवून चित्रित केलेली आहे. स्फोट झाला की कॅमेरा हादरतो, फ्रेम वाकडी होते, आणि आपण शत्रूकडे न बघता जमिनीला चिकटतो. (आजच्या युद्धपटांत हलता कॅमेरा इतका स्वस्त झालाय की त्याचा आता कंटाळा येतो. असो.) खरी गोष्ट पुढे आहे. मेलेल्या सैनिकांच्या दृश्यांवर त्यांचेच जिवंतपणी रेकॉर्ड केलेले आवाज लावले होते, असं ह्यूस्टनने नंतर सांगितलं. लष्कराच्या वरिष्ठांना ते सोसवलं नाही, ते आवाज कापले गेले.

मग 1946 मध्ये त्याने 'लेट देअर बी लाइट' केली. लाँग आयलंडच्या लष्करी इस्पितळात मनाने खचलेले सैनिक डॉक्टरांशी बोलतात, एवढंच. कॅमेरा जागचा हलत नाही. एक जण घरून आलेल्या फोटोबद्दल सांगता सांगता रडायला लागतो आणि कट येतच नाही. यात ना बंदूक, ना स्फोट. तरी याच फिल्मवर अमेरिकन लष्कराने तब्बल तीन दशकांहून जास्त बंदी घातली! मला विचाराल तर हादरणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा हा न हलणारा कॅमेरा जास्त खरा. धक्का पहिल्यात दिसतो. तो माणसाच्या आत किती वर्षं राहतो, हे दुसऱ्यात.

आपल्या उपखंडात हे झहीर रायहानने 1971 मध्ये कोलकात्यात बसून केलं. 'स्टॉप जेनोसाइड' जेमतेम वीस मिनिटांची. सुरुवातीला एक बाई ढेकीवर भात कांडतेय, आणि तो ठोका ऐकता ऐकता बुटांचे, गोळ्यांचे आवाज येतात. घरातला आवाजच वैरी होतो. मला तर लगेच आमची रेंज आठवली.

मराठा पलटणींतून इटली, आफ्रिका, ब्रह्मदेश बघून हजारो माणसं गावी परतली. त्यांच्यासमोर कोणी असा कॅमेरा लावला नाही. ती पिढी आता जवळपास गेली. पण 1965 आणि 1971 लढलेले आजोबा नगर-सातारा भागात अजून आहेत. तुमच्या घरी असतील तर मंडळी, या रविवारी मोबाइल समोरच्या कोनाड्यात टेकवून ठेवा. पदकाचं नंतर विचारा. आधी विचारा, परत आल्यावर पहिल्या दिवाळीत फटाके वाजले तेव्हा कुठे होता. आणि ते गप्प झाले तर रेकॉर्डिंग बंद करू नका.