तोडणीची पाळी आणि प्रवराकाठचा सहकार

शेतात उभा असेपर्यंत ऊस बारा महिने, आणि आडसाली असल्यास सोळा-अठरा महिनेही, धन्याच्या सवडीची वाट पाहतो. परंतु कोयत्याचा घाव बसताच त्यातील साखरेचा ऱ्हास सुरू होतो, आणि दिवसभरापलीकडे तो गव्हाणीबाहेर पडून राहिला तर वजन आणि उतारा या दोहोंतही तूट येते. ज्वारी पेवात घालता येते, कापसाचे गठ्ठे बांधून भाव चढेपर्यंत थांबता येते. उसाला ही सवलत निसर्गानेच दिलेली नाही. त्यामुळे ज्या कारखान्याचा ऊस शेकडो स्वतंत्र खातेदारांच्या रानांतून यावयाचा असतो, त्याच्यापुढे यंत्रे आणि भांडवल यांच्या विवंचनेइतकाच बिकट असा एक प्रश्न रोज पहाटे उभा राहतो: आज कोणाचा फड तोडावयाचा, आणि कोणाला थांबावयास सांगावयाचे? विसाव्या शतकाच्या मध्यास अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी, या प्रश्नाचा निवाडा शेतकऱ्यांनी आपापसांत करावयाचे ठरविले. सहकारी साखर कारखान्याच्या इतिहासात भागभांडवलाच्या रकमा आणि पुढाऱ्यांची नावे पुष्कळदा सांगितली जातात. या पाळीची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते त्या साऱ्या उद्योगाचा जीव तिच्यातच होता.

पाळी ही गोष्ट या मुलखाला नवी नव्हती. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या उजव्या-डाव्या कालव्यांखाली जी जिरायत जमीन बागायत झाली, तिच्या मालकांना पाणी मिळे ते कालवा खात्याच्या नियमांनी. पाण्याचा अर्ज करावयाचा, पाणीपट्टी भरावयाची, आणि शेजपाळीने चारीवरील एका रानाचे भरणे संपून शेजारच्या रानाचा क्रम येईपर्यंत, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना, बांधावर बसून राहावयाचे. पाटकऱ्याशी तंटे होत, चोरून दार उघडण्याचे प्रकार घडत, इन्स्पेक्टरच्या दफ्तरी तक्रारींचे कागद साठत. तथापि आपला हक्क शेजाऱ्याच्या हक्काला लागून असतो आणि क्रम मोडला की टोकाचे शेत कोरडे पडते, ही जाणीव एका पिढीच्या अंगवळणी पडली होती. उणीव होती ती एवढीच की, ती पाळी लावणारा हात सरकारचा होता. रयतेला क्रम पाळावयाचा असे, ठरवावयाचा नसे.

पिकाची गत याहून वाईट होती. बागाइतदार उसाचा गूळ करी, आणि गुऱ्हाळ पेटण्यापूर्वीच त्याची ढेप बहुधा गहाण पडलेली असे. खत, पेंड, बैल, पाणीपट्टी यांसाठी आडत्याकडून उचल घ्यावयाची, आणि त्या उचलीच्या अटीने माल त्याच्याच दुकानी आणावयाचा, हा शिरस्ता होता. आडत दुकानात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याने दीड वर्ष राबून तो माल पिकविला, तो शेतकरी दोन हातांवर पसरलेल्या त्या फडक्याकडे पाहत समोर उभा असे. १९३०च्या सुमारास जागतिक मंदीने सगळ्याच शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा गूळ विकून पाणीपट्टीही भागेना, आणि कालव्याने आलेली समृद्धी कित्येकांच्या घरी कर्जाच्या रूपानेच मुक्कामाला राहिली.

१९३२ साली हिंदुस्थान सरकारने साखरधंद्याला संरक्षण दिले आणि कारखाने झपाट्याने उभे राहू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना त्याआधीपासूनच होता. आता टिळकनगर, रावळगाव, वालचंदनगर अशी नावे वाढली. उत्तरेत, संयुक्त प्रांत आणि बिहार या भागांत, कारखानदार शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेत. दख्खनच्या कालव्यांवर मात्र कंपन्यांनी हजारो एकर जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतःच ऊस लावला. यात कारभाराची सोय मोठी होती. लागण केव्हा करावयाची, तोड कोठून सुरू करावयाची, गाड्या किती लावावयाच्या, हे एका कचेरीतून ठरे आणि गव्हाण कधी रिकामी राहत नसे. पण जमिनीचा मूळ मालक या व्यवस्थेत खंडाची पावती घेणारा किंवा त्याच जमिनीवर रोजाने राबणारा एवढाच उरला होता. कंपनीची कार्यक्षमता नाकारण्याचे कारण नाही. परंतु सगळे निर्णय एकवटल्याने ती आलेली होती, आणि ते एकवटण्यासाठी शेतकऱ्याला निर्णयातून वगळावे लागले होते. शेकडो मालक मालकच राहून तीच शिस्त आणू शकतील काय, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता, आणि पुष्कळ जाणत्यांचे उत्तर नकारार्थी होते.

ज्या दोन व्यक्तींनी ते होकारार्थी ठरविले, त्यांची घडण अगदी भिन्न होती. विठ्ठलराव विखे हे लोणी बुद्रुकचे शेतकरी. औपचारिक शिक्षण बेताचे, परंतु १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढून सावकारी पाशावर उपाय शोधणारे आणि प्रत्येक घराचे देणे-घेणे तोंडपाठ असणारे. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून झालेल्या आर्थिक लाभांची त्यांनी गावोगाव पाहणी केली होती आणि तिचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९४५ साली बेलापूर येथे गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली दख्खन कालव्यांवरील बागाइतदारांची परिषद भरली आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कारखान्याची कल्पना तेथे बळावली. पुढे विखे गावोगाव भाग गोळा करीत हिंडले. कारखान्याला नाव दिले की जमीनही कंपनीच्या जमिनीसारखी जाईल, ही लोकांची धास्ती होती, आणि आजूबाजूचा दाखला पाहता ती निराधार म्हणता येत नाही. १९४८च्या अखेरीस संस्था नोंदली गेली. मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार ही खाती सांभाळणारे वैकुंठभाई मेहता यांच्या पाठिंब्याने सरकारने भाग घेतले, नव्याने स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनचे कर्ज मिळाले, आणि १९५०-५१च्या हंगामात पहिली मोळी गव्हाणीत पडली. गाडगीळ अध्यक्ष आणि विखे उपाध्यक्ष, अशी ती जोडी पुढे दशकभर चालली.

हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असे सर्रास म्हटले जाते. ते अक्षरशः खरे नाही. आंध्रात विशाखापट्टण जिल्ह्यात एटिकोप्पाका येथे १९३३ सालीच तसा प्रयत्न झाला होता, आणि महाराष्ट्रातही सासवडच्या माळी बागाइतदारांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला होता, मात्र कंपनी कायद्याखाली. प्रवरेचे श्रेय पहिलेपणात शोधण्याची गरज नाही. इतरांना जशीच्या तशी उचलता यावी अशी वहिवाट तेथे घडली, आणि वारणा, कृष्णा, पंचगंगा, नीरा या नद्यांच्या खोऱ्यांनी पुढील दहा-बारा वर्षांत ती उचलली, हे श्रेय पुरेसे मोठे आहे.

या वहिवाटीचा कणा म्हणजे तोडणीचा कार्यक्रम. पहिल्या काळातील कारखाना दिवसाला साडेचारशे-पाचशे टन ऊस गाळी. एकरी चाळीस टन उत्पन्न धरले, तर याचा अर्थ रोज सुमारे बारा एकर फड मोकळा व्हावयाचा; आणि बैलगाडीत टन-दीड टन माल मावतो असे मानले, तर तीनशे ते पाचशे गाड्या दिवसभरात वजनकाट्यावरून जावयाच्या. गाड्या कमी आल्या तर बॉयलर उगाच जळतो. अधिक आल्या तर अड्ड्यावर ऊस वाळतो आणि बैल उन्हात उभे राहतात. सभासदाचे हित मात्र या गणिताशी जुळतेच असे नाही. हंगामाच्या प्रारंभी ऊस पुरता पक्व नसतो. उशिरा तोडला तर त्याला तुरा येतो, उन्हाळ्यात वजन घटते, पाण्याच्या जादा पाळ्या द्याव्या लागतात आणि पुढच्या पिकासाठी रान वेळेवर रिकामे होत नाही. मधले काही आठवडे सर्वांनाच हवे असतात, आणि ते सर्वांना मिळणे अशक्य असते.

यावर उपाय म्हणून कारखान्याने तोडणी आणि वाहतूक शेतकऱ्याच्या हाती न ठेवता स्वतःकडे घेतली. प्रत्येकाने आपापली टोळी आणि आपापल्या गाड्या लावल्या असत्या, तर ज्याचे बैल अधिक त्याचाच ऊस आधी, हे ओघानेच आले असते. गावांचे गट पाडण्यात आले. शेतकी खात्याने लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद गटवार ठेवावयाची, आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा या क्रमाने, लागणीच्या तारखेप्रमाणे, प्रत्येकाची पाळी लावावयाची. गटकचेरीतून चिठ्ठी निघाली की टोळी त्या फडात शिरे. सभासदाने भागांच्या प्रमाणात ऊस द्यावयाचाच आणि कारखान्याने तो घ्यावयाचाच, असे हे दुहेरी बंधन होते. गुळाचा भाव चढला म्हणून गुऱ्हाळ पेटविण्याची मोकळीक सभासदाने सोडली होती, आणि त्याच्या मोबदल्यात भाव पडला तरी आपला फड उभा राहणार नाही, ही हमी मिळविली होती.

नियमांत माणसाच्या स्वभावाची जाणही दिसते. जळालेल्या उसाचा प्रकार घ्या. फडाला आग लागली तर तो ऊस तातडीने गाळला नाही की वाया जातो; तेव्हा पाळी मोडून तो आधी तोडावयाचा, हे उघड होय. पण एवढाच नियम ठेवला तर पाळी लवकर यावी म्हणून स्वतःच्याच फडाला काडी लावणारा निघावयाचा. म्हणून जळका ऊस आधी घ्यावयाचा, परंतु त्याच्या भावातून कपात करावयाची, अशी तजवीज सहकारी कारखान्यांत रूढ झाली. ज्याच्यावर खरोखरच आपत्ती कोसळली, त्याला ही कपात बोचते यात शंका नाही; तरीही इतर शेकडो जणांचा क्रम त्याच्यामुळे सुरक्षित राहतो. असा नियम वरून आलेला असता तर लोकांनी त्याला जुलूम म्हटले असते. आपल्याच सभेत, आपल्याच शेजाऱ्यांदेखत तो संमत झालेला असल्याने त्याविषयी कुरकुर झाली, बंड झाले नाही.

भावाचा निर्णय याहून धाडसी होता. कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या शेताचा वाहतूकखर्च जवळजवळ नाहीच, आणि दहा-बारा मैलांवरील शेताचा भरमसाट. तरीही दोघांना टनामागे एकच भाव द्यावयाचा आणि वाहतूक समाईक खर्चात घालावयाची, असे ठरले. जवळच्याने दूरच्याचा भार उचलावा, ही गोष्ट व्यापारी हिशेबात बसत नाही. परंतु तसे केले नसते तर लांबची गावे संस्थेबाहेर राहिली असती, दुष्काळी वर्षी गव्हाण रिकामी पडली असती, आणि नुकसान जवळच्याचेही झाले असते. हंगामात पहिली उचल द्यावयाची, साखर विकली जाऊन हिशेब पुरा झाल्यावर अंतिम भाव जाहीर करावयाचा, आणि त्यातून काही रक्कम ठेवीदाखल कापून विस्तारासाठी ठेवावयाची, या सगळ्या बाबी वार्षिक सभेत मांडल्या जात. रुमालाखाली ठरणारा भाव ज्यांनी उभ्याने सोसला होता, त्यांच्यासमोर नफातोट्याचे पत्रक मोठ्याने वाचले जाणे ही लहानसहान क्रांती नव्हती.

या व्यवस्थेत सारे काही निर्मळ होते असे मात्र मला म्हणवत नाही. एका सभासदाला एकच मत, हा सहकाराचा दंडक. पण दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला यांचे वजन सभेत कधीच सारखे नसते. कोठे कोठे चिठ्ठी ओळखीने लवकर निघू लागली, अंतिम भावातून कापलेल्या रकमेतून सभासदाला न विचारता इमले उठले, आणि संचालक मंडळाची निवडणूक ही तालुक्याच्या सत्तेची किल्ली झाली. जेथे पाळीची वही कोणाही सभासदाला उघडून पाहता येत होती, तेथे कारखाना टिकला. जेथे ती वही बंद झाली, तेथे शेतकरी आपला ऊस दुसऱ्या गव्हाणीकडे नेण्याची वाट शोधू लागला. १९८४च्या सरकारी आदेशाने प्रत्येक कारखान्याला क्षेत्र राखून देऊन ही पळवाट बंद केली, पण ती बंदीही पुढे टिकली नाही.

आणि एक माणूस तर या सभेत पहिल्या दिवसापासून नव्हताच. बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या अवर्षणग्रस्त भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोच्या जोड्या, ज्यांना हिशेबात नुसते कोयते म्हणून मोजतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन निघतात आणि कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या घालून सहा महिने राहतात. चिठ्ठी कोणाच्याही नावाची निघो, फडात वाकतात ते हेच. रात्री गाडी भरतात ते हेच. त्यांच्या वाट्याला वाढे येते, ते बैलांना घालून उरलेले गावात विकावयाचे. बागाइतदाराने आडत्याच्या उचलीतून मान सोडविली आणि त्याच हंगामात, त्याच फडात, उचलीचा तोच फास दुसऱ्याच्या मानेभोवती राहिला. त्यांच्या तोडणीचा दर आज राज्य सहकारी साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातील करारनाम्याने ठरतो. ही बोलणी त्यांना संप करकरून मिळवावी लागली, आणि करार झाला तरी तोडणीचा कार्यक्रम आखणाऱ्या बैठकीला कोयत्यातल्या बाईला अजूनही कोणी बोलावत नाही.