विलायतेतले वाइनवाले

आमच्या घरी ‘दारू’ हा एकच शब्द होता. ताडी, मोसंबी, व्हिस्की, शॅम्पेन, सगळी एकाच गोणीत. १९७८ साली मी इकडे आलो आणि पहिल्याच डिसेंबरात साहेबांनी जेवायला बोलावले. रिकाम्या हाताने जायचे नसते एवढे कळले होते, म्हणून स्टेशनजवळच्या एका लहानशा वाइनच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारले, ‘जेवायला काय आहे?’ मला कुठे ठाऊक! त्याने एक उघडलेली बाटली काढली, पेल्यात दोन घोट ओतले आणि म्हणाला, ‘आधी चव तर बघा.’ मी तीर्थ घेतात तसे ते एका दमात घेतले. तो हसला नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

पुढे वर्षानुवर्षे त्या दुकानात जात राहिलो, आणि या व्यापाराच्या मागे केवढा इतिहास आहे ते हळूहळू कळत गेले.

इंग्लंडात द्राक्षे फारशी पिकत नसत, पण राज्य मात्र द्राक्षांच्या मुलखावर होते. ११५२ साली आक्विटेनच्या एलेनॉरने हेन्रीशी लग्न केले. दोनच वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोचा सारा प्रदेश हुंड्यात यावा तसा इंग्लंडकडे आला. तो तीनशे वर्षे, १४५३ सालच्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत, हातात राहिला. या व्यापारावर लंडनचे व्हिंटनर्स, म्हणजे वाइनचे व्यापारी, गब्बर झाले. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने त्यांच्या मंडळाला सनद दिली. हे मंडळ आजही आहे, आणि थेम्स नदीवरच्या हंसांवर राजाखेरीज ज्या दोन मंडळांचा हक्क चालतो त्यांतले ते एक. दर जुलैत होड्यांतून हंसांची मोजदाद होते. मुलांना एकदा जरूर दाखवा.

पुढे फ्रान्सशी वैर वाढले आणि १७०३ साली पोर्तुगालशी मेथ्यून तह झाला. पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा निदान एकतृतीयांशाने कमी ठेवायची असे ठरले. अठराव्या शतकातला इंग्रज पोर्ट पिऊन संधिवाताने कण्हत होता, त्यात आवडीपेक्षा जकातीचा हात मोठा! मडीरा बेटाच्या वाइनची गोष्ट आपल्याला जवळची. हिंदुस्थानकडे येणारी जहाजे तिथे थांबून पिंपे भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना ती वाइन जहाजाच्या पोटात तापे, आणि बिघडण्याऐवजी सुधारे. मग सफर करून आलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला.

याच काळात आज नावाजलेली दुकाने उभी राहिली. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर १६९८ साली बोर्न नावाच्या एका विधवा बाईने किराण्याचे दुकान घातले. पाटीवर कॉफीची चक्की. कॉफी तोलायच्या मोठ्या तराजूत गिऱ्हाइकेही बसू लागली, आणि त्यांची वजने वहीत लिहून ठेवायची चाल पडली. कवी बायरनचे वजन त्या वह्यांत आहे. तेच आजचे बेरी ब्रदर्स अँड रड. ब्रिस्टलला १७९३ साली एव्हरीज निघाले. असे व्यापारी पिंपे विकत आणत, आपल्या तळघरात मुरवत आणि स्वतः बाटल्या भरत. म्हणजे वाइन फ्रान्सची असली तरी भरवसा दुकानाच्या नावाचा. मूतों-रोथशिल्डने १९२४ साली सगळी वाइन आपल्याच वाड्यात भरायला सुरुवात केली, तरी इंग्लंडात येऊन भरायची पद्धत त्यानंतरही बरीच वर्षे टिकली.

पहिला मोठा तडाखा बसला १८६० साली. ग्लॅडस्टनने अंदाजपत्रकात वाइनवरची जकात गॅलनमागे साधारण पावणेसहा शिलिंगांवरून तीन शिलिंगांवर आणली, आणि एकदोन वर्षांतच हलक्या वाइनवर ती एक शिलिंगच राहिली. शिवाय १८६१ पासून किराणा दुकानदारांना सुटी बाटली विकायचा परवाना मिळू लागला. क्रिमियाच्या लढाईहून परतलेल्या गिल्बी बंधूंनी १८५७ साली धंदा काढला होता. त्यांनी गावोगावचे वाणी आपले एजंट नेमले आणि वाइन मध्यमवर्गाच्या टेबलावर आणून ठेवली. जुन्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, की आता आमचे संपले. संपले नाही. १८७४ साली तर एक नवीनच तऱ्हा निघाली. आल्बर्ट हॉलच्या तळघरात प्रदर्शनासाठी आलेली पोर्तुगीज वाइनची पिंपे पडून राहिली होती. ती खपवायला जेवणावळी घातल्या, आणि त्यातून वाइन सोसायटी ही सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था जन्मली.

दुसरा तडाखा सुपरमार्केटांचा. १९६४ साली किमती बांधून ठेवण्याची पद्धत कायद्याने मोडली आणि स्वस्तात विकण्याची शर्यत लागली. तरीही त्याच सुमारास वेगळ्या वाटेचे लोक निघाले. विल्टशायरमधल्या मीअर गावी रॉबिन याप नावाच्या दंतवैद्याने १९६९ साली ऱ्होन आणि ल्वार खोऱ्यांतली, तेव्हा इथे कुणी फारशी न विचारलेली वाइन आणायला सुरुवात केली. मला वाटते, लहान दुकानदाराची खरी ताकद हीच. सुपरमार्केटला एका वाइनच्या लाखो बाटल्या लागतात. डोंगरातल्या एका शेतकऱ्याकडे असतात चारपाच हजार.

चाखून घ्यायची रीत आपल्याला परकी वाटू नये. हापूसची पेटी घेताना आपण ओळखीच्याच बागवानाकडे जातो, वास घेतो, एखादा आंबा कापायला लावतो. बोर्दोच्या ‘आँ प्रिमर’ खरेदीचे तर कोकणी माणसाला नवल वाटायला नको. वाइन पिंपात असतानाच, पुढच्या वसंतात व्यापारी जाऊन चाखतात, पैसे मोजतात, आणि बाटल्या हातात यायला दोनएक वर्षे जातात. मोहरावर बाग घेतात, त्यातलाच हा प्रकार, आणि जोखीमही तीच.

या धंद्यातली एक म्हण त्या दुकानदाराने मला शिकवली: घेताना सफरचंद खा, विकताना चीज दे. सफरचंद खाऊन चाखले की वाइनमधले उणे उघडे पडते, चीज खाल्ले की झाकले जाते. तो गिऱ्हाइकाला चीज देत नसे. बाटलीला बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर न बोलता बदलून देई. ऐंशीच्या दशकात आपल्या नारायणगावची ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाइन विलायतेत येऊ लागली. मी तिचे नाव काढताच त्याने एक बाटली मागवली, आम्ही दोघांनी उभ्यानेच चाखली, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितले की चांगली आहे, पण माझी गिऱ्हाइके घेणार नाहीत. मला तेव्हा राग आला होता.

आता दुकान त्याची मुलगी चालवते. गेल्या खेपेला गेलो तर बाई हिशेबाच्या कागदांत बुडालेली. ऑगस्ट २०२३ पासून इथे वाइनवरचा कर मद्यार्काच्या प्रमाणावर लागतो, आणि फेब्रुवारी २०२५ पासून साडेअकरा ते साडेचौदा टक्क्यांमधली सरसकट आकारणीची सवलतही गेली. साडेचौदा टक्क्यांच्या बाटलीवर २.६७ पौंड होते, ते त्या दिवशी ३.२१ झाले. त्यावर व्हॅट वेगळा. दर दशांश टक्क्याला वेगळा आकडा. एकाच शेतातली वाइन एका वर्षी तेरा टक्के, ऊन जास्त पडले की पुढच्या वर्षी चौदा. म्हणजे उन्हावरसुद्धा कर. सुपरमार्केटला हे संगणक करून देतो. तिच्याकडे सहाशे प्रकारच्या वाइन आणि एक अर्धवेळ मुलगा.

मी तिला म्हटले, ग्लॅडस्टननेही मद्यार्क मोजूनच जकात लावली होती. ‘हो,’ ती म्हणाली, ‘पण त्याने ती कमी केली होती.’ मग काउंटरखालून एक उघडी बाटली काढून तिने दोन पेले मांडले.