गळाची माशी आणि फिरती पकड

गळानें मासा धरण्याचे मार्ग दोन आहेत. एक माशाला खरें खाद्य देण्याचा, दुसरा त्याला फसविण्याचा. पहिल्या मार्गांत कणकेचा गोळा, गांडूळ किंवा लहान मासळी गळाला लावतात. दुसऱ्या मार्गांत गळाच्या दांडीवर रेशमाचा धागा, लोकर, कलाबतू आणि पक्ष्यांचीं पिसें बांधून पाण्यावर उतरणाऱ्या किड्याचा आभास उत्पन्न करतात. इंग्रजींत या आभासाला ‘फ्लाय’ म्हणजे माशी असें नांव आहे. ही माशी बांधण्याचें काम नखाएवढ्या जागेंत चालतें. आणि तें चालत असतां गळ घट्ट धरून ठेवणारी जी लहानशी पकड लागते, तिला कारखान्यांतल्या मोठ्या पकडीप्रमाणेंच व्हाइस म्हणतात. जबड्यांसह आपल्या आंसाभोंवतीं फिरणारी पकड हा तिचाच सुधारलेला प्रकार. ती कशी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानांतला वाटतो. परंतु हें हत्यार कोणत्या कारणानें आणि कोणत्या मालासाठीं घडत गेलें हें पाहूं लागलें म्हणजे त्या प्रश्नाचा एक धागा थेट वऱ्हाडापर्यंत येऊन पोंचतो.

गळ टाकण्याचा छंद साहेबलोकांनीं हिंदुस्थानांत आणला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२६ ते ११३८ या काळांत राज्य केलें. त्याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकी वर्णन करतांना ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरणच घातलेलें आहे. माशांच्या जाति, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, त्यांना घालावयाचें आमिष, काठी आणि दोरी यांचा विचार त्यांत आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात हा प्रसिद्ध उल्लेखहि याच ग्रंथांतला. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं मत्स्यविनोदावर लेख लिहून त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. मात्र या प्रकरणाचा भर खाद्य आमिषावर आहे. पिसांनीं फसविण्याचें शास्त्र वाढलें तें युरोपांत.

इ. स. २०० च्या सुमारास ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें मॅसिडोनियांतील मासे धरणाऱ्यांची एक युक्ति लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बसवीत, आणि नदीवरील माश्यांवर झडप घालणारे मासे त्या सोंगाला भुलत. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या एका लहान ग्रंथांत अशा बारा माश्यांच्या कृति दिल्या आहेत. १६५३ सालीं आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. १६७६ सालीं चार्ल्स कॉटन यानें त्याला जोड म्हणून माशीच्या गळावर दुसरा भाग लिहिला. या सर्व काळांत माशी बोटांतच बांधीत. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनींत गळ आणि उजव्या हातांत धागा व पीस, अशी ती रीत होती. तिच्यांत अडचण एकच, पण मोठी होती. डावा हात सर्व वेळ गळालाच बांधलेला राही, आणि पीस सरळ बसविणें, धागा ताणून ठेवणें, मेण लावणें हीं सारीं कामें एकट्या उजव्या हातावर पडत.

एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश बेटांमध्यें सॅमन माशासाठीं बांधलेल्या माश्या फार भपकेदार झाल्या. जॉर्ज केल्सन यानें १८९५ सालीं ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां एकेका माशींत अनेक देशांच्या पक्ष्यांचीं पिसें एकत्र येत असत. त्यांत एक पीस हिंदुस्थानचें होतें. राखी रानकोंबडा हा पक्षी सह्याद्रि, दक्षिणेकडील डोंगर आणि सातपुडा यांत राहतो. हिंदुस्थानाबाहेर तो रानांत आढळत नाहीं. टेमिंक या डच शास्त्रज्ञानें १८१३ सालीं त्याला सोनेरा या फ्रेंच प्रवाशाचें नांव दिलें. मेळघाटच्या जंगलांतहि या पक्ष्याची वस्ती आहे. नराच्या मानेवरील पिसांवर मेणाचा थेंब गोठावा तसा पिवळट पांढरा, चकचकीत ठिपका असतो, आणि पाण्यांत तो इवल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. ‘जॉक स्कॉट’ या नामांकित सॅमन-माशीच्या दोन्ही बाजूंना हेंच पीस लागतें. तें मिळविण्यासाठीं पक्षी मारावा लागे, हें सांगावयास नकोच.

वऱ्हाडच्या माणसाला या व्यवहाराची रीत ओळखीची वाटेल. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हां त्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ सालीं रेल्वे वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या रेल्वे-फांट्याचें उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. अकोला, अमरावती, खामगांव येथून कापसाच्या गांठी जात, आणि विलायतेचें कापड परत येई. घरोघरचा रेचा आणि चरखा मागें पडला. कापसाची किंमत शेतांत ठरत नव्हती. तो ज्या यंत्रावर चढे तेथें ती वाढत होती.

पिसाचा व्यापार कापसाच्या मानानें अगदींच क्षुल्लक. पण त्याची चाल तीच. कच्चा माल हिंदुस्थानच्या रानांतून जाई, कसब आणि हत्यार परदेशांत राही, आणि तयार वस्तु पेटींत बसून साहेबाबरोबर परत येई. महसीर धरण्याचें शास्त्र इंग्रजींत विस्तारानें मांडणारा हेन्री सलिव्हन थॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ सालीं निघाला. त्याच्याहि आधीं, १८३९ सालीं, कर्नल साइक्स यानें दख्खनच्या माशांवर निबंध लिहून महसिराच्या एका जातीला ‘खुद्री’ हें देशी नांव शास्त्रांत कायमचें देऊन ठेवलें होतें. मासा देशी, त्याचें नांव देशी, पीसहि देशी. परकी होती ती बांधण्याची विद्या.

१९०२ हें साल वऱ्हाडच्या इतिहासांत निराळ्याच कारणानें प्रसिद्ध आहे. त्या वर्षीं लॉर्ड कर्झननें निजामाशीं करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें पक्ष्यांच्या कातड्यांची व पिसांची निर्यात बंद केली. १९२१ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानकोंबड्याला त्याच्या स्वतःच्या रानांत संरक्षण मिळालें. १९७४ सालीं मेळघाट हें व्याघ्रप्रकल्पाचें क्षेत्र झालें. म्हणून आज माशी बांधणाऱ्याचा माल रानांतून येत नाहीं; तो पाळीव कोंबड्यांपासून येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत केवळ पिसांसाठीं कोंबड्यांच्या निवडक जाति वाढविल्या गेल्या, आणि वीतभर किंवा त्याहूनहि लांब, एकसारखीं बारीक पिसें मिळूं लागलीं. या लांब पिसाचा आणि फिरत्या पकडीचा संबंध जवळचा आहे.

पकडीच्या इतिहासांतील पहिली पायरी स्थिर व्हाइसची. मेजाच्या कडेला आवळून बसविलेल्या दांड्यावर पोलादी जबडे असतात व त्यांत गळाचा बांक धरतात. डावा हात मोकळा झाला हा तिचा लाभ. सर्वांनीं ती लगेच पत्करली असें मात्र नाहीं. आयर्लंडमधील बॅलिशॅनन गांवच्या रोगन घराण्याच्या माश्या दूरवर नांवाजलेल्या होत्या, आणि त्या घराण्याची ख्याति अशी कीं, तेथें व्हाइसशिवाय, नुसत्या बोटांत माशी बांधीत. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील एल्जिन येथील थॉम्प्सन यांचा एका खटक्यानें जबडे आवळणारा व्हाइस विसाव्या शतकांत घरोघर गेला. तरी स्थिर पकडींत एक उणीव राहिलीच. बांधणाऱ्याला गळाची समोरची बाजू तेवढी दिसते. मासा मात्र माशी खालून पाहतो. मागच्या बाजूला धागा सैल राहिला किंवा पीस वांकडें बसलें तर तें काम संपेपर्यंत कळत नाहीं.

त्या उणिवेंतून फिरती पकड निघाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत रेन्झेटी आणि नॉरलँडर या कारागिरांच्या नांवांचे व्हाइस प्रसिद्धीस आले. मात्र ‘फिरता’ हा शब्द बाजारांत दोन अर्थांनीं वापरतात, आणि निवडणाऱ्याची फसगत बहुधा येथेंच होते. पहिल्या प्रकारांत जबडे फिरतात, पण गळाची दांडी आंसाच्या वर किंवा बाजूला राहते व फिरतांना वर्तुळ काढीत जाते. अशी पकड माशीची दुसरी बाजू पाहण्यापुरती उपयोगी. दुसऱ्या, म्हणजे खऱ्या फिरत्या प्रकारांत जबड्यांना असा बांक दिलेला असतो कीं, गळाची दांडी थेट आंसाच्या रेषेंत येते. मूठ फिरविली म्हणजे दांडी जागच्या जागीं फिरते. मग बांधणाऱ्यानें पीस किंवा कलाबतू नुसती ताणून धरावी. ती एका अंतरानें, एकसारख्या वेढ्यांनीं आपोआप चढते. लांब पीस बोटांनीं गळाभोंवतीं फिरवितांना हात बदलावा लागतो व वेढे पुढें-मागें होतात. फिरत्या पकडींत तो दोष टळतो.

चरखा चालविणाऱ्या घराला यांतलें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं. चात सरळ असेल तर सूत एकसारखें येतें. तिचें टोक थरथरलें कीं सूत तुटतें. पकडीची परीक्षाहि तीच. जबड्यांत गळाऐवजीं एक सरळ सुई आंसाच्या रेषेंत धरावी, मागें पांढरा कागद उभा करावा, आणि मूठ सावकाश फिरवावी. सुईचें टोक एकाच बिंदूवर स्थिर राहिलें तर आंस खरा आहे. टोक कागदासमोर वर्तुळ काढूं लागलें तर आंसांत किंवा जबड्यांच्या रचनेंत दोष आहे, आणि वरची चकाकी कितीहि असली तरी ती पकड घेऊं नये.

दुसरी परीक्षा जबड्यांची. गळांच्या मापाचा क्रम उलटा असतो, म्हणजे अंक वाढतो तसा गळ लहान होत जातो. वीस क्रमांकाचा गळ भाताच्या शितापेक्षांहि लहान. महसिरासाठीं लागणारा गळ त्याच्या कितीतरी पट जाड. आपल्याला लागणारा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे दोन्ही गळ जबड्यांत धरून बोटानें दाबून पाहावे. गळ वांकला तरी चालेल, पण घसरतां कामा नये. पोलादाला पाणी नीट दिलेलें नसेल तर जबड्यांना थोड्याच दिवसांत खांच पडते. तिसरी गोष्ट, फिरण्याचा अटकाव कमी-अधिक करणारा स्क्रू असावा. मूठ सोडली कीं पकड आपोआप फिरूं लागली तर बांधलेला धागा उलगडतो. चौथी, रीळ टेकविण्यासाठीं आंसाच्या रेषेंत एक लहान आधार हवा, नाहींतर पकड फिरवितांना धागाहि गळावर गुंडाळला जातो. पांचवी गोष्ट बैठकीची. मेजाला आवळणारी पकड हलत नाहीं. जड बुडाची पकड कोठेंहि ठेवतां येते. ज्याच्या घरीं कामाचें मेज कायमचें नाहीं, त्यानें दुसरी घ्यावी.

खरी फिरती पकड प्रत्येकाला हवीच असेंहि नाहीं. ज्याचें काम बहुतेक वेढ्यांचें, म्हणजे लोकरीचें अंग, कलाबतूची सर आणि कोंबड्याच्या पिसाची कांठाळी यांचें आहे, त्याला तिचा खरा उपयोग. ज्याला केस किंवा पिसांचे पंख दांडीवर बसवावयाचे असतात, त्याचें काम साध्या स्थिर पकडीवर तितकेंच चांगलें होतें. नव्यानें शिकणाऱ्यानें तर कांहीं दिवस स्थिर पकडीवरच हात बसवावा. धाग्याचा ताण बोटांना कळल्याखेरीज फिरणारें यंत्र फक्त चुका लवकर करतें.

या हत्याराचे भाग मोजले तर ते फार नाहींत: एक सरळ आंस, त्याला घट्ट बसणारी नळी, दोन पाणी दिलेले जबडे, एक मूठ आणि एक बैठक. ज्या गांवांत लेथवर काम करणारा चांगला कारागीर आहे, तेथें यांतला एकहि भाग अशक्य नाहीं. कठीण आहे ती जबड्यांची कडकाई आणि आंसाची अचूकता. अमरावती आणि अकोला येथील यंत्रशाळांनीं कापसाच्या यंत्रांची दुरुस्ती करतांना याहून अवघड आंस सरळ केले आहेत. मेळघाटच्या सिपना, गडगा, डोलार, खापरा आणि खंडू या पांचहि नद्या तापीला मिळतात; त्यांच्या राखीव क्षेत्रांत परवानगीवांचून गळ टाकतां येत नाहीं, आणि तेथील रानकोंबड्याच्या पिसाला हात लावणें तर गुन्हाच आहे. तें योग्यच आहे. पण पाळीव कोंबड्याचें पीस, रेशमाचा धागा आणि मेण यांना कोणाची बंदी नाहीं. ज्यानें वऱ्हाडांत हा छंद धरावयाचा ठरविलें असेल, त्यानें परदेशी यादीतील किंमत वाचण्याआधीं एक सुई घेऊन गांवच्या लेथवाल्याकडे जावें. सुईचें टोक जागेवर राहिलें, तर या व्यवहारांत पूर्वीं जें परक्याच्या हातांत राहिलें होतें, तें प्रथमच घरचें झालें असें म्हणतां येईल.