भिवंडी (लोकसभा व विधानसभा मतदारसंघ)

ठाणे जिल्ह्यातील यंत्रमाग उद्योगाचे शहर आणि त्याभोवतीचा गोदामांचा व शेतीचा पट्टा मिळून झालेले राजकीय क्षेत्र. शहर कामवारी नदीच्या काठी वसले असून लोकसंख्या ५,९८,७४१ (२००१), ७,०९,६६५ (२०११). नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. पुढे भिवंडी–निजामपूर शहर महानगरपालिका झाली. शहराच्या ईशान्येस मुंबई–नाशिक महामार्गावर वडपे हे गाव आहे. दिवा–वसई लोहमार्गावर ‘भिवंडी रोड’ स्थानक आहे.

मतदारसंघाची रचना : २००८ च्या पुनर्रचनेत भिवंडी विधानसभा मतदारसंघाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्याच वेळी भिवंडी लोकसभा मतदारसंघ (क्र. २३) नव्याने आखला गेला. त्यात भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम व मुरबाड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. यांपैकी भिवंडी ग्रामीण व शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. भिवंडी ग्रामीणमध्ये वाडा तालुक्याचाही भाग आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर वाडा तिकडे गेला. त्यामुळे या मतदारसंघातले मतदार आता दोन जिल्ह्यांत आहेत.

पूर्वेतिहास : खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापारामुळे कल्याण–भिवंडी हे जोडनाव इतिहासात रुळले आहे. तालुक्यातील लोनाड येथे बौद्ध लेणी आहेत. जवळच चौधरपाडा येथे शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा शिलालेख आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली. वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी, कोळी व आदिवासी हा येथील जुना समाज. १८५७ नंतर उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातील मोमिन–अन्सारी विणकर येथे येऊ लागले व हातमागाची वस्ती वाढली. १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले. तेलंगणातील पद्मशाली विणकर त्यानंतर आले. पद्मानगर हा त्यांचा मुख्य भाग. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांकडे वळले. १९८१ मध्ये शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत होती. वीस वर्षांत ती सहा लाखांजवळ पोहोचली. या वाढीनेच शहराचे राजकारण घडवले आहे.

१९७० व १९८४ च्या दंगली : भिवंडीच्या राजकारणावर या दोन घटनांचा परिणाम सर्वांत खोल आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि जळगाव व महाड येथेही तिचे लोण पोहोचले. एकट्या भिवंडीत ७८ जण मरण पावले. न्यायमूर्ती डी. पी. मदन यांच्या चौकशी आयोगाने मिरवणुकीच्या आधीचे तणाव, राष्ट्रीय उत्सव मंडळाची भूमिका आणि पोलिसांचे पक्षपाती वर्तन तपशीलवार नोंदवले. दंगल एका दिवसात घडत नाही, ती आधी रचली जाते, हे या अहवालाने कागदावर आणले. म्हणूनच देशातील दंगलविषयक चौकशी अहवालांत त्याचे स्थान वरचे आहे. तरीही चौदा वर्षांनी तेच घडले. मे १९८४ मध्ये भिवंडीतून पेटलेली दंगल ठाणे व मुंबईत पसरली आणि अडीचशेहून अधिक लोक मारले गेले. भिवंडीतील अन्सारी बाग येथे आश्रयाला जमलेल्या कामगार कुटुंबांना जाळण्यात आले. दोन्ही वेळा माग बंद पडले, हातावर पोट असलेले कामगार गावी परतले आणि वस्त्या धर्मानुसार अधिक घट्ट विभागल्या गेल्या. पुढे प्रभागांच्या व मतदारसंघांच्या सीमा याच विभागलेल्या वस्त्यांवरून गेल्या.

मोहल्ला समित्या : १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील रहिवासी आणि पोलीस यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत पुढाऱ्यांपेक्षा रोज एकमेकांना भेटणाऱ्या सामान्य माणसांवर भर होता. नळावरचे भांडण, भिंतीचा वाद, सणाच्या मिरवणुकीचा मार्ग असे विषय बैठकीत निघत. ते तिथेच मिटत आणि बीटावरच्या हवालदाराला गल्लीतली माणसे नावाने ठाऊक होत. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई दोनदा पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली. कोणत्याही निवडणुकीच्या निकालापेक्षा ही या शहराची मोठी राजकीय कमाई आहे आणि या नोंदीत तिला तेच स्थान दिले पाहिजे. हा विश्वास सांभाळावा लागतो, हे जुलै २००६ मध्ये दिसले. कब्रस्तानालगतच्या जागेवरील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, पोलीस गोळीबारात दोन नागरिकांचा मृत्यू झाला आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले.

लोकसभा : १९६२ मध्ये भिवंडी नावाच्या मतदारसंघातून जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे निवडून आले. १९७१ मध्ये काँग्रेसचे भाऊसाहेब धामणकर खासदार झाले. पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत (२००९) काँग्रेसचे सुरेश टावरे विजयी झाले. २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमधून भारतीय जनता पक्षात आलेले कपिल पाटील यांनी कुणबी सेनेचे नेते व काँग्रेसचे उमेदवार विश्वनाथ पाटील यांचा १,०९,४५० मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये त्यांनी टावरे यांना १,५६,३२९ मतांनी हरवले. जुलै २०२१ मध्ये ते केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री झाले. २० मे २०२४ च्या मतदानात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी पाटील यांना ६६,१२१ मतांनी पराभूत केले. अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांहून अधिक मते घेतली. या तिरंगी लढतीत आगरी व कुणबी मते विभागली गेली आणि शहरातील मुस्लिम मते एका बाजूला एकवटली. लोकसभेला शहराचे मत निर्णायक ठरते ते ग्रामीण मत फुटल्यावरच, हे या निकालाने स्पष्ट केले.

६ मार्च २०१४ रोजी तालुक्यातील सोनाळे येथे राहुल गांधी यांनी प्रचारसभेत केलेल्या भाषणावरून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्थानिक कार्यकर्त्याने भिवंडी न्यायालयात बदनामीचा खटला दाखल केला. त्यात गांधी १२ जून २०१८ रोजी स्वतः हजर राहिले व त्यांनी आरोप नाकारला.

विधानसभा : भिवंडी पूर्व ही राज्यातील अटीतटीच्या लढतींची जागा मानली जाते. २००९ मध्ये समाजवादी पक्षाचे अबू आसिम आझमी येथून व मुंबईतील मानखुर्द शिवाजीनगर येथून असे दोन्हीकडे निवडून आले. त्यांनी भिवंडीची जागा सोडली. २०१० च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे रूपेश म्हात्रे यांनी आझमी यांचे पुत्र फरहान यांना हरवले. म्हात्रे २०१४ मध्येही जिंकले. २०१९ मध्ये समाजवादी पक्षाचे रईस शेख यांनी त्यांना १,३१४ मतांनी मागे टाकले. २०२४ मध्ये शेख पन्नास हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा निवडून आले.

भिवंडी पश्चिममध्ये २००९ मध्ये समाजवादी पक्षाचे अब्दुल रशीद ताहिर मोमिन विजयी झाले. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे महेश चौघुले यांनी काँग्रेसच्या उमेदवाराला सुमारे तीन हजार मतांनी हरवले. २०१९ व २०२४ मध्येही त्यांनी जागा राखली. एका बाजूला एकच उमेदवार आणि दुसऱ्या बाजूला काँग्रेस, समाजवादी, मजलिस (एमआयएम) व अपक्ष असे अनेक, हे २०१९ व २०२४ च्या निकालांमागचे गणित आहे. भिवंडी ग्रामीण : विष्णू सवरा (भाजप, २००९), शांताराम मोरे (शिवसेना, २०१४, २०१९, शिंदे गटातर्फे २०२४). सवरा त्यापूर्वी वाडा मतदारसंघाचे प्रतिनिधी होते.

महानगरपालिका : एकूण ९० जागा. मे २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ४७ जागांसह स्पष्ट बहुमत मिळाले व जावेद दळवी महापौर झाले. डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले आणि अवघे चार सदस्य असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ विरुद्ध ४१ मतांनी महापौर झाल्या. मतदाराने दिलेले बहुमत सभागृहात अडीच वर्षेच टिकले. जून २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. धोकादायक इमारतींचा प्रश्न सर्व राजवटींत प्रलंबित राहिला. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत पहाटे कोसळून मोठी जीवितहानी झाली.

विजेचा प्रश्न : येथील प्रत्येक प्रचारात विजेचा विषय असतोच. माग विजेवर चालतो आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. वीज गेली की कामगाराची कमाई थांबते. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने शहरातील वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी तत्त्वावर सोपवले. देशातील हा असा पहिला मोठा प्रयोग. गळती कमी झाली, पुरवठा सुधारला; वाढीव बिले व मीटर यांवरून मोर्चे मात्र निघत राहिले. यंत्रमागधारकांना वीजदरात सवलत हे सर्व पक्षांचे कायमचे आश्वासन आहे.

अर्थव्यवस्था : यंत्रमाग (सुमारे सहा लाख, असे धरले जाते), सायझिंग, डाइंग, गोदामे. २०१६ ची नोटाबंदी व २०१७ चा वस्तू व सेवा कर यांनंतर अनेक माग भंगारात गेले.

वडपे व गोदामांचा पट्टा : मुंबईच्या जकातीबाहेर माल साठवण्याच्या सोयीमुळे माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ते वडपे या गावांत गोदामे उभी राहिली. जकात गेल्यावरही ती वाढतच राहिली, कारण रस्ते इथेच मिळतात. वडपे–माजिवडा हा सुमारे २४ किलोमीटरचा महामार्ग आठपदरी करण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. माग सोडलेला कामगार आता या गोदामांत हमाली व पॅकिंग करतो. तो शहरात भाड्याने राहतो आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत राबतो. गावच्या राजकारणात जमीनमालक, गाळेमालक व वाहतूकदार यांचा शब्द चालतो. कामगाराचा शब्द पोहोचेल अशी जागा या रचनेत नाही.

मतदार आणि कामगार : पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात एक कामगार बारा तासांच्या पाळीत सहा-आठ माग सांभाळतो. खटखटाटात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून खुणांनी काम चालते. पाळी सुटली की राहत्या खोलीत दुसऱ्याची झोपण्याची जागा तो घेतो आणि खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेल्या या कामगारांतल्या अनेकांची नावे मूळ गावच्या मतदारयादीत आहेत. सणाला किंवा लग्नसराईत तो गावी असतो. हजेरीपट बहुतेक गाळ्यांत नसतो, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विम्याचे कागदही त्याच्याकडे नसतात. पक्षांचे प्रचार जातधर्माच्या हिशेबाने चालतात, कारण मतदारयादीत तेवढेच वाचता येते. किमान वेतन, पाळीचे तास, बहिरेपणा, क्षय हे विषय कोणत्याही मोठ्या पक्षाने येथे निवडणुकीचा मुख्य मुद्दा केले नाहीत. भिवंडीची ओळख देशभर कामगारांचे शहर अशी असली, तरी तिच्या निकालांत कामगार म्हणून मत अद्याप मोजले गेलेले नाही.