रक्तातून जाणारा निरोप

एकोणिसाव्या शतकात शरीराचा कारभार मज्जातंतूच चालवतात, अशी समजूत होती. तिला पहिला धक्का दिला कोंबड्यांनी! १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांची वृषणं काढून टाकली. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण, मूळ जागेपासून तोडून, मोकळं ठेवलं. पहिले दोघे मऊ पडले. ते चौघे मात्र आरवले, भांडले, त्यांचे तुरेही वाढले. पोटातल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, जुने मज्जातंतू तर तुटलेलेच होते. म्हणजे निरोप रक्तातून जात होता.

एवढ्या मोठ्या शोधाची दखल मात्र कित्येक वर्षं फारशी कुणी घेतली नाही. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून तिथं आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड पाझरलंच. १९०५ मध्ये स्टार्लिंगनी या रासायनिक निरोप्यांना ‘हॉर्मोन’ म्हटलं. आपण संप्रेरक म्हणतो.

आता आपल्या घरात येऊ. मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी पीयूषिका अंडाशयाला कामाला लावते आणि अंडाशयाची संप्रेरकं उलट तिला आवरतात. १९६० साली अमेरिकेत मंजूर झालेली गर्भनिरोधक गोळी याच लगामावर चालते. ती पीयूषिकेला थोपवते, म्हणून बीजांड सुटत नाही.

आणि तरीही पाळी चुकली की आपण बाईलाच बोल लावतो. कारण कधी गळ्यातल्या थायरॉइडमध्ये असतं आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. बोल लावण्याआधी तेवढं तरी करू या.