कुंकळ्ळीचे बंड आणि गावकीची जमीन

1641 साली आयर्लंडमधील कॅथलिकांनी उठाव केला. अल्स्टर प्रांतात त्यांच्या जमिनी काढून घेऊन तेथे इंग्लंड-स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट वसवले गेले होते. या उठावाची धर्मयुद्ध म्हणून चर्चा पुष्कळ झाली. शेताच्या बांधावरून त्याकडे पाहणारे थोडे. त्याआधी 58 वर्षे गोव्यातही असेच एक बंड झाले. मात्र तेथे कॅथलिक सत्तेच्या बाजूला होते.

दक्षिण गोव्यातील साष्टी 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. तेथे जमीन एका पाटलाच्या वतनाची नसे. मूळ घराण्यांच्या गावकरीची, म्हणजे सामाईक असे. तिच्याच उत्पन्नातून खाजणाचे बांध, देवळाचा खर्च आणि सरकारी सारा निघे. त्यामुळे 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली तेव्हा गावकरीच्या व्यवस्थेलाच हात लागला, असे मला वाटते. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा या पाच गावांनी सारा देण्याचे नाकारले. त्यावर सैन्य आले, देवळे पुन्हा पाडली गेली, बागा तोडल्या गेल्या. बाग तोडणे म्हणजे काय, हे संत्र्याच्या वरूडमध्ये तरी कोणाला वेगळे सांगायला नको.

जुलै 1583 मध्ये पाच जेझुइट पाद्री चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीत गेले. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. त्यांच्यातला बेर्नो आधीच्या मोहिमेत सैन्याबरोबर होता, हे गावकरी विसरले नव्हते. जमावाने पाचही पाद्र्यांना आणि त्यांच्यासोबतच्या अनेक ख्रिस्ती माणसांना ठार केले. त्यांच्यात कोणी लढायला आला नव्हता. ते सांगायला आपल्या इतिहासकारांनी कचरू नये.

सूड लवकरच घेतला गेला. बोलणीच्या निमित्ताने गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. गावात सोळा जणांची आठवण सांगतात. एक नदीत उडी टाकून निसटला. पण खरी शिक्षा पुढची. पाचही गावांच्या जमिनी जप्त झाल्या आणि त्यांपैकी काही कालांतराने पोर्तुगालच्या एका सरदार घराण्याच्या हाती गेल्या. आपल्याच शेतात गावकरी कूळ झाले. आयर्लंडमध्येही क्रॉमवेलनंतर 1652 च्या कायद्याने हेच घडले: उठाव मोडला आणि जमीन जेत्यांत वाटली गेली.

पाच पाद्र्यांना 1893 मध्ये पोपने धन्य घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. शांतादुर्गेची मूर्ती तेव्हाच फातर्प्याला नेली होती. देवी आजही फातर्प्यालाच राहते. फक्त फाल्गुनात रंगीत छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, गुलाल, वाजंत्री. कुंकळ्ळीचे ख्रिस्तीही दर्शनाला येतात. मग मिरवणूक परत फिरते.